दारावरच्या वर्दीची हद्द

सुरक्षा रक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात प्रत्येक बॅचला एक प्रश्न ठरलेला असतो. आग विझवणे, प्रथमोपचार, गर्दी सांभाळणे, ओळखपत्रे तपासणे हे सगळे मुले मुकाट्याने वहीत उतरवून घेतात. कायद्याचा तास सुरू झाला की मात्र कुणाचा तरी हात वर जातो. "सर, चोर सापडला तर त्याला किती वेळ धरून ठेवायचा?" धरता येतो का, असे सहसा कुणी विचारत नाही. ते गृहीतच असते. फक्त मुदत हवी असते.

गोवा पोलिसांतून हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाल्यावर मी हे वर्ग घ्यायला लागलो. समोर बसतात ती वाळपई, केरी, पेडणे, दोडामार्ग, सावंतवाडीकडची मुले. मधूनच ओडिशाचा किंवा आसामचा एखादा. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकावा लागलेले चाळिशीतले लोकही येतात. सगळ्यांना नोकरीची निकड असते, आणि नोकरीबरोबर वर्दी मिळणार याचे अप्रूपही असते. मी जन्म वर्दीत काढला, त्यामुळे ते अप्रूप मला कळते. म्हणूनच पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहितो: तुमचा गणवेश तुम्हाला साध्या नागरिकापेक्षा एकही जादा अधिकार देत नाही.

हे त्यांना पटत नाही. पटणार तरी कसे? लहानपणापासून त्यांनी गेटवर अडवले जाणेच पाहिलेले असते. खाकी किंवा निळा शर्ट घातलेला माणूस हात आडवा करतो आणि आपण थांबतो. आता तो शर्ट आपल्या अंगावर येणार, म्हणजे तो हातही आपलाच होणार, असे वाटणे साहजिक आहे.

खासगी सुरक्षा संस्थांसाठी देशाचा कायदा २००५ साली झाला आणि १५ मार्च २००६ पासून लागू झाला. परवान्याशिवाय एजन्सी चालवायची नाही, रक्षकाचे वय १८ ते ६५ असावे, त्याचे चारित्र्य पडताळलेले असावे, त्याच्याजवळ छायाचित्रासह ओळखपत्र असावे, असे बरेच काही त्यात आहे. प्रशिक्षणाचेही आहे. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे नव्या माणसाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर शिकवायला हवे. खासगी बचावाचा हक्क आणि फिर्याद नोंदवण्याची रीत हेही त्या अभ्यासक्रमात येते. पण रक्षकाने कुणाला अटक करावी, कुणाची झडती घ्यावी, कुणाची वस्तू जप्त करावी, असा अधिकार देणारे कलम त्या कायद्यात शोधून सापडत नाही.

मोपाच्या विमानतळावर काम करायची इच्छा असलेली मुले मला तिथल्या जवानांचे उदाहरण देतात. "ते तर बॅग उघडायला लावतात, माणसाला बाजूला नेतात." तिथे जे असतात ते केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे. त्यांच्यासाठी १९६८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि ठरावीक प्रसंगी वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार त्यातच लिहिलेला आहे. त्याच विमानतळाबाहेर एखाद्या कंत्राटदाराच्या पार्किंगवर उभ्या असलेल्या रक्षकाला यातले काहीही लागू होत नाही. दोघांमध्ये अंतर पाच मिनिटे चालण्याचे, पण कायद्याच्या नजरेत एक दलाचा जवान आणि दुसरा पगारी नागरिक.

मग नागरिकाला काय करता येते? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० हे त्याचे उत्तर. १ जुलै २०२४ पूर्वी हेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ४३ वे कलम होते. कोणीही खासगी माणूस दुसऱ्याला अटक करू शकतो, पण दोनच प्रकारांत: समोरचा न्यायालयाने जाहीर केलेला फरारी गुन्हेगार असला तर, किंवा त्याने आपल्या समक्ष दखलपात्र आणि अजामीनपात्र असा गुन्हा केला तर. म्हणजे गुन्हा एकाच वेळी दोन्ही असायला हवा: दखलपात्र, ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि अजामीनपात्र, ज्यात जामीन हक्काने मिळत नाही. आणि 'समक्ष' या शब्दावर मी मुलांना बराच वेळ थांबवतो.

कारण आज सगळीकडे कॅमेरे आहेत. काल संध्याकाळी कुणीतरी दुकानातून काहीतरी उचलले, आज सकाळी मॅनेजरने फुटेज पाहिले, दुपारी तोच माणूस पुन्हा दारात आला. रक्षकाला मोबाईलवर फोटो दाखवून सांगितले जाते, "हाच तो, धर त्याला." आता रक्षकाच्या समक्ष काय घडले? काहीच नाही. त्याने एक चित्र पाहिले. तेवढ्या बळावर त्याने त्या माणसाचा दंड धरला तर अटकेचा अधिकार त्याच्या पाठीशी नाही. फुटेज पोलिसांना द्यायचे, माणूस दारात आल्याचे त्यांना कळवायचे, पुढचे काम त्यांचे.

नव्या कायद्याने या कलमात एक भर घातली. पूर्वी धरलेल्या माणसाला 'विनाकारण उशीर न करता' पोलिसांच्या हवाली करायचे होते. आता त्यापुढे 'परंतु सहा तासांच्या आत' असेही आले. मुलांच्या कानावर हे अर्धवट आलेले असते आणि ती खुशीत असतात. सहा तास मिळाले! मी त्यांना कलम दोनदा मोठ्याने वाचायला लावतो. विनाकारण उशीर न करता हे शब्द तसेच आहेत, गेलेले नाहीत. सहा तास ही शेवटची सीमा आहे, वापरायला दिलेला वेळ नाही. गोव्यात कुठल्या गावातून पोलीस ठाणे किती लांब? डिचोली, वाळपई, पेडणे, म्हापसा, फोंडा, कुठूनही गाडी यायला तासभर लागला तर फार झाले. जिथे ११२ लावल्यावर पोलीस येतात तिथे एखाद्याला चार तास बसवून ठेवले, तर त्या चार तासांचा हिशोब न्यायालय मागणारच. कुणाची वाट पाहत होतात? मालक जेवून येण्याची? आणि पोलिसांना वाटले की गुन्ह्याचे काही कारणच दिसत नाही, तर त्या माणसाला तिथल्या तिथे सोडावे लागते, हेही त्याच कलमात लिहिले आहे.

चोरीचेच बघा. दुकानांत पकडली जाणारी चोरी बहुतेकदा लहान असते. साबण, शांपू, चॉकलेट, परदेशी बनावटीचे काहीतरी चकचकीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे वस्तूची किंमत पाच हजारांच्या आत असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. असा गुन्हा नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात अदखलपात्र आणि जामीनपात्र धरलेला आहे. म्हणजे कलम ४० ची पहिली अटच डळमळते. आता दारावरच्या मुलाने तेवढ्या वेळात किंमत मोजायची, पहिला गुन्हा की दुसरा ते ओळखायचे, आणि मग ठरवायचे की याला धरू की नको? वकिलांना जिथे पुस्तक उघडावे लागते तिथे त्या मुलाकडून तीन सेकंदांत निर्णयाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणून माझा सल्ला साधा असतो: अंगाला हात लावू नका, विचारा, वस्तू परत मागा, वरिष्ठांना बोलवा, पोलिसांना कळवा.

माझ्या वर्गातल्या साखळीकडच्या एका मुलाचा संध्याकाळी फोन आला. तो एका मोठ्या दुकानात नेमलेला होता. आवाज दबलेला.

"सर, एक पोरगी आहे. पर्समध्ये क्रीमची ट्यूब मिळाली. मॅनेजर म्हणतो स्टोअररूममध्ये बसव, बाहेरून कडी घाल. घरचे येऊन दहापट पैसे भरतील, मग सोडू."

"पर्स कुणी उघडली?"

तो गप्प.

"कडी घातलीस?"

"घातली."

"आधी ती काढ. मग बोलू."

मुलगी जेमतेम अठराची, बेळगावकडची, जवळच्या एका घरात कामाला होती. खोलीत पंखा नव्हता. तेलाच्या डब्यांच्या खोक्यांवर ती बसली होती आणि तिचा फोन मॅनेजरच्या टेबलावर होता. कडी लावलेल्या त्या खोलीत गुन्हा कुणाचा घडत होता? ट्यूबची किंमत दोनशेच्या आत. पण एखाद्याला ठरावीक हद्दीबाहेर जाता येणार नाही असे कोंडून ठेवणे हा न्याय संहितेच्या कलम १२७ चा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. फोन काढून घेण्याचा अधिकार रक्षकाला नाही आणि मॅनेजरलाही नाही. संशयित वस्तू जप्त करण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेने पोलीस अधिकाऱ्याला दिला आहे. भीती घालून दहापट पैसे उकळणे तर खंडणीच्या कलमाकडे जाणारी गोष्ट. आणि पर्स? पोलिसांनी अटक केलेल्या बाईचीही झडती बाईनेच, तिची लाज राखून घ्यावी असे कायदा सांगतो. जिथे पोलिसांवर एवढे बंधन, तिथे अंगझडतीचा कसलाच अधिकार नसलेल्या मुलाने तिची पर्स उलटी करणे कुठल्या हिशोबात बसते?

त्याने कडी काढली. काउंटरवरच्या एका मुलीला तिच्याजवळ बसवले, पाणी दिले, ११२ लावला. महिला कॉन्स्टेबल आली. ट्यूब दुकानात परत गेली, दुकानाने तक्रार दिली नाही, मुलगी तिच्या मालकिणीबरोबर घरी गेली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने एजन्सीला फोन करून त्या मुलाला हलवायला सांगितले. त्याची बदली वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामावर, रात्रपाळीला झाली. साखळीहून वेर्णा म्हणजे रोज दोन बस बदलणे. कायद्याप्रमाणे वागल्याची ती किंमत होती, आणि ती त्यानेच भरली. याचा मला आजही संताप येतो.

झडतीचे थोडक्यात सांगतो. मॉलच्या, सिनेमागृहाच्या, कारखान्याच्या दारात बॅग दाखवा म्हणतात ते संमतीवर चालते. तुम्ही नाही म्हणू शकता आणि मालकाच्या वतीने रक्षक तुम्हाला आत येऊ नका म्हणू शकतो. दोघांचे अधिकार तिथे संपतात. रस्त्यावर उभे राहून इमारतीचा फोटो काढणाऱ्याचा फोन हिसकावणे, त्यातले काही पुसायला लावणे, हे मात्र कुठल्याही संमतीत बसत नाही.

गोव्यात यापेक्षा जास्त भांडणे वाटेवरून होतात. पेडणे तालुक्यातला किनारा गेल्या काही वर्षांत झपाट्याने विकला गेला. मोरजीकडे, आश्व्याकडे ज्या कुंपणांच्या मधून लोक समुद्रावर जात, तिथे आता फाटके आहेत आणि फाटकाशी एक मुलगा खुर्ची टाकून बसलेला असतो. मोरजीलाच मी एका सकाळी पाहिले. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला निघाली होती. वाटेवर 'खासगी मालमत्ता' असा बोर्ड. रक्षक ओडिशाचा, वीस-बावीसचा. "मॅडम, ऑर्डर है, इधर से नहीं." ती म्हणाली, "कोणाची ऑर्डर? माझी सासू इथून गेली, तिची सासू इथून गेली." तिला हिंदी नीट येत नव्हते, त्याला मराठी-कोंकणी येत नव्हते. तो हात आडवा करून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मला उर्मटपणा दिसला नाही. घाबरलेला होता तो.

वाट अडवणे हा न्याय संहितेच्या कलम १२६ चा गुन्हा. पण त्यालाच एक अपवाद जोडलेला आहे: जमिनीवरची खासगी वाट अडवण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे असे प्रामाणिकपणे मानून कुणी ती अडवली, तर तो गुन्हा होत नाही. मालक याच अपवादाचा आडोसा घेतो. वाट खासगी की वहिवाटीची हे ठरवायला मामलेदाराचे न्यायालय आहे, दिवाणी न्यायालय आहे. तो निकाल फाटकावर, एका कंत्राटी मुलाच्या आडव्या हाताने लागायचा नसतो. आणि एकदा पुळणीवर, भरतीच्या रेषेखाली पोचल्यावर तर वाद उरतच नाही. तिथून उठा म्हणायचा हक्क कुठल्याच हॉटेलच्या रक्षकाला नाही. पंचायतीच्या रस्त्यावर गाड्या थांबवून 'कुठे चाललात' विचारणाऱ्या व्हिलांच्या रक्षकांनाही नाही.

दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याच्या वाटेचा खटला गोव्यातल्या लोकांना आठवत असेल. हॉटेलसाठी जमीन संपादित करून देताना किनाऱ्याकडची लोकांची वाट मोकळी ठेवायची अट होती. बांधकाम झाले आणि वाट अडली. लोक उच्च न्यायालयात गेले, आणि जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल देताना सांगितले की अशी साधनसंपत्ती सरकारकडे जनतेचा विश्वस्त म्हणून असते. पुढे कायद्यात दुरुस्ती करून त्या बांधकामाला संरक्षण दिले गेले, तो वेगळा अध्याय. पण एवढा मोठा प्रश्न ज्या जागी रोज नव्याने उभा राहतो, ती जागा म्हणजे फाटक. आणि तिथे मालक नसतो, वकील नसतो. महिन्याच्या पगारावर बारा तास उभा राहणारा मुलगा असतो.

मी त्या मुलाला बाजूला घेऊन हिंदीत समजावले. हात खाली कर, सुपरवायझरला फोन लाव, तोवर बाईंना जाऊ दे. त्याने फोन लावला. पलीकडून काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही, पण फाटक उघडले. त्या दिवसापुरते.

गणवेशाबद्दल एक सांगायलाच हवे. सेनेच्या किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा दिसणारा पोशाख रक्षकाने घातला तर तो आणि एजन्सीचा मालक दोघेही शिक्षेस पात्र ठरतात. २००५ च्या खासगी सुरक्षा कायद्याचे कलम २१, एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही ठिपक्याठिपक्यांच्या लष्करी छापाचे कपडे घातलेले रक्षक जिकडेतिकडे दिसतात. ते कपडे त्या मुलांनी निवडलेले नसतात. एजन्सीने दिलेले असतात, कित्येकदा पैसे त्यांच्याच पगारातून कापून. लोकांना पोलीस असल्याचा भास व्हावा आणि त्यांनी न विचारता ऐकावे, म्हणून ते दिले जातात. कळंगुट-बागेच्या क्लबांच्या दारातले काळ्या कपड्यांतले बाउन्सर हाही त्याच मालिकेतला प्रकार. त्यांना कायद्यात वेगळा दर्जा नाही. दारू चढलेल्या माणसाला बाहेर जा म्हणणे, गेला नाही तर पोलीस बोलावणे, अंगावर आला तर स्वतःला आणि दुसऱ्याला वाचवण्यापुरता जोर वापरणे, इथपर्यंत त्यांची हद्द. खासगी बचावाचा हक्क न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे आणि त्याची मोठी मर्यादा ही: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. माणूस खाली पडल्यावर मारलेली लाथ बचावात मोडत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त सलते ते हे की हद्द ओलांडायला सांगणारा एक असतो आणि फिर्यादीत नाव दुसऱ्याचे येते. नोकरीत असताना अशा फिर्यादी मी पाहिल्या आहेत. मारहाण झालेला माणूस ठाण्यात येतो, त्याला आठवतो तो गणवेशातला चेहरा. वरच्या केबिनमधून फोन करणारा त्याने पाहिलेलाच नसतो. "मला साहेबांनी सांगितले" हा बचाव कायद्यात चालत नाही. मालकाचा हुकूम म्हणजे कायद्याचा हुकूम नव्हे. चिथावणी दिल्याबद्दल मालकालाही आरोपी करता येते, पण त्यासाठी त्याने काय सांगितले याचा पुरावा लागतो. आणि हुकूम नेहमी तोंडी असतात.

म्हणून वर्गाच्या शेवटच्या दिवशी मी कायद्याचे पुस्तक मिटतो आणि ड्युटीची नोंदवही काढतो. प्रत्येक पोस्टवर ती असते, आणि बहुतेक ठिकाणी तिच्यात 'सर्व ठीक' एवढेच लिहिलेले असते. मी त्यांना लिहायला शिकवतो. वेळ. काय पाहिले. ऐकीव नको, स्वतः पाहिलेलेच. कुणी, कोणत्या शब्दांत, काय करायला सांगितले. ११२ ला किती वाजता कळवले, पोलीस किती वाजता आले. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, ओडियात लिहा, पण त्याच वेळी लिहा आणि खाली सही करा. चुकीचा हुकूम आला तर भांडू नका. "साहेब, नोंदवहीत लिहून देता का, मग करतो," एवढेच म्हणा.

साखळीच्या त्या मुलाने नंतर वेर्ण्याहून मला सांगितले की गोदामावर एकदा एका लोडरचे कपडे उतरवून झडती घ्यायचा हुकूम आला. त्याने वही पुढे केली. सुपरवायझरने पेन हातात घेतले, थोडा वेळ धरले आणि परत ठेवले. झडती झाली नाही. ही नोकरी मात्र त्याची अजून टिकून आहे.